पट्टा बाईचा की बाप्याचा?

इस्लामपूरच्या बाजारात आम्ही घड्याळाला पट्टा घालायला गेलो, की पुढ्यात बारीक सोनेरी चेन येते. रुंद पट्टा मागितला, तर उत्तर ठरलेलं, "ताई, तो जेन्ट्सचा."

इतिहास मात्र उलटा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजत. पुरुषांचं घड्याळ साखळीला, खिशात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांचे दोन्ही हात गुंतलेले. खिशात हात घालणार कधी? त्यांनी घड्याळ चामडी पट्ट्यानं मनगटाला बांधलं. त्या युद्धात आपल्या सातारा जिल्ह्याचे जवानही होते; इस्लामपूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. युद्ध संपलं आणि बायकांचा दागिना बाप्यांच्याही हाती आला. पुढे एचएमटीनं १९६१ पासून बेंगळुरूत घड्याळं बनवली. त्यात पुरुषांची 'जनता', बायकांची लहानशी 'सुजाता'.

म्हणजे पट्टा ठरला तो कामावरून. हात तर आपलेही गुंतलेले असतात, धार काढताना, भांगलताना. बारीक चेन वैरणीत अडकते, चामडं पाण्यानं कुजतं. लग्नाकार्याला चेन जरूर घालू. पण गोठ्यात, रानात रुंद रबरी पट्टा बरा. हसणारे हसू देत. मनगटाला बसेल तो पट्टा आपला.