काठावरची चित्रे : आबालाल रहिमान आणि कोल्हापूरचे पाणी

१८१२ मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहाने करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानाला सिंधुदुर्ग किल्ल्यासह मालवण सोडावे लागले आणि कोकणच्या किनाऱ्यावरील त्याचे बळ संपले. त्यानंतर पाऊण शतकाने पाश्चात्त्य पद्धतीचे निसर्गचित्रण कोल्हापुरात आले, तेव्हा चित्रकारासमोर समुद्र नव्हता; रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा घाट होता.

युरोपात मात्र या चित्रणाचा मोठा भाग समुद्रकाठीच घडला. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेले रंगद्रव्य. ते पूर्वी जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत साठवत असल्याने बाहेर नेणे जिकिरीचे होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबनळीचे पेटंट घेतले, ती अडचण सरली, आणि १८६०च्या दशकात यूजेन बूदँ या फ्रेंच चित्रकाराने त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर वाळूत बसलेल्या मंडळींची लहान तैलचित्रे रंगवली, ज्यांत क्षितिज खाली, माणसे इवलीशी आणि उरलेला बहुतेक सारा भाग आकाशाचा असे. या चित्रांचा लहान आकार कामाच्या रीतीतूनच आला होता, कारण उन्हाची छटा पालटण्याआधी जेवढे रंगवून होईल तेवढेच फलक घेऊन बाहेर पडणे शहाणपणाचे ठरे.

पाश्चात्त्य चित्रविद्या महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे काम १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेने केले आणि तेथून ती कोल्हापुरात आणणाऱ्यांत आबालाल रहिमान यांचे स्थान पहिल्या मानाचे आहे. कुराणाच्या सुशोभित हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा असलेल्या घरात ते वाढले. म्हणजे बारीक रेषेची शिस्त त्यांच्या हाताला मुंबईला जाण्याआधीच लागलेली होती. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. एवढ्या मानानंतर मुंबईत व्यक्तिचित्रांवर उत्तम चरितार्थ चालला असता, पण ते कोल्हापूरला परतले, पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि त्या सेवेबरोबरच गावातले पाणी रंगवत राहिले.

तलावाचे चित्र ही समुद्रचित्राची दुय्यम आवृत्ती मानणे चुकीचे ठरेल, कारण त्याचा प्रश्नच वेगळा असतो. समुद्राला पैलतीर नसतो, तर रंकाळ्याला तो असतो. नजर समोरच्या झाडीवर व टेकड्यांवर अडते, आकाशाला मोकळा विस्तार उरत नाही, आणि म्हणून प्रकाश पकडायचा तो पाण्याच्या पृष्ठावरच, प्रतिबिंबाच्या तुटत्या कडांमध्ये. आबालाल यांच्या आवडीचा संध्यामठ याच तलावात उभा आहे. ही दगडी वास्तू पाणी चढले की बुडू लागते आणि ओसरले की पुन्हा वर येते, त्यामुळे एकाच जागेचे चित्र ऋतूगणिक निराळे होते. चित्रकाराला एवढे विषयवैविध्य गाव न सोडता क्वचितच मिळते. त्यांच्या निसर्गचित्रांत जलरंगाचा वाटा मोठा आहे आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे : तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते, तर पाण्यातला रंग काही क्षणांत बसतो, आणि पहाटेचा उजेड चित्रकारासाठी थांबत नाही.

उत्तरायुष्यात ते कोटितीर्थाच्या परिसरात राहिले. १९०६ मध्ये स्थापन झालेली शाहू गिरणी याच तलावाजवळ उभी राहिली, म्हणजे निवांत पाण्याशेजारी भोंगा आणि धुराडे आले ते त्यांच्या हयातीतच. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. तिचा शब्द न् शब्द खरा मानण्याची गरज नाही. परंतु त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामाच्या मानाने आज पाहायला मिळणारी चित्रे फारच थोडी आहेत आणि ही हानी केवळ एका चित्रकाराची नाही, कारण बदलण्यापूर्वीच्या कोल्हापूरच्या पाणवठ्यांची रंगांतली नोंदही तिच्यासोबत गेली. १९३१ मध्ये ते वारले. बाबूराव पेंटर आणि दत्तोबा दळवी यांच्या पिढीने कोल्हापूरची चित्रपरंपरा पुढे नेली. चंद्रकांत मांडरे यांनी चित्रपटांतील अभिनयाबरोबर निसर्गचित्रणही जपले आणि त्यांची चित्रे राजारामपुरीतील संग्रहालयात आहेत. आबालाल यांच्या उरलेल्या चित्रांपैकी काही टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहता येतात.