उजाडलं कुठे?

आमच्या घरात वेळ कुणी विचारत नाही. वेटर्न तळ्याभोवती सायकल मारून आलेल्या माणसाला आधी खुर्ची देतात, मग हातात गरम कॉफी, आणि तो दोन घोट प्यायला की एकच प्रश्न विचारतात: उजाडलं कुठे?

हे घर स्वीडनमधल्या मोटाला गावचं. माझं सासर. लग्नाच्या वर्षी सासरे बोलता बोलता म्हणाले, माझे वडील तीस मील सायकल चालवून आले होते. मी पुण्याची. तीस मैल म्हणजे लोणावळ्याच्याही अलीकडे. माझे आजोबा तर डबलसीट आजीला घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. नवऱ्यानं माझा चेहरा वाचला आणि सांगितलं, इथला मील दहा किलोमीटरचा असतो. म्हणजे तीनशे किलोमीटर! पुण्याहून मुंबईला जायचं आणि न थांबता परत यायचं, वाटेतल्या अख्ख्या रात्रीसकट.

सासऱ्यांना मी 'फारफार' म्हणते. मुलं म्हणतात म्हणून मीही. स्वीडिशमध्ये फार म्हणजे वडील, वडिलांचे वडील ते फारफार. आईची आई मोरमोर. मामा आणि काका, मावशी आणि आत्या यांना इथेही वेगवेगळे शब्द आहेत, हे कळलं त्या दिवशी मला या भाषेचा पहिल्यांदा आधार वाटला. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हा देश जवळजवळ सगळ्यांनाच 'दू' म्हणतो, अगदी वरिष्ठांनाही. मीही तोंडानं दू म्हणते, मनात मात्र त्यांना अहो-जाहोच करते.

फारफार दहा वर्षांचे होते तेव्हा, १९६६ मध्ये, तळ्याभोवतीची ही फेरी पहिल्यांदा निघाली. स्टेन-ओके हेल्गेसन आणि एवेर्ट रिडेल या दोघांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी निघाले ते साडेतीनशेच्या आतच. फारफार वडिलांचं बोट धरून बघायला गेले होते. त्यांना आठवतात ती परत आलेल्यांची तोंडं. धुळीनं राखाडी झालेली, आणि डोळ्यांभोवती तेवढी गोरी वर्तुळं. 'मला वाटलं, ही माणसं पाण्याखालून चालत आलीत,' ते म्हणतात. तेव्हा स्वीडनमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालत. ३ सप्टेंबर १९६७च्या पहाटे सगळी वाहनं थांबवली, रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली आणि पाच वाजता पुन्हा सोडली. फारफारना ती पहाटही आठवते. त्यांच्या आईनं त्यांना दिवसभर सायकलला हात लावू दिला नव्हता.

त्यांचे वडील स्वतः निघाले ते सत्तरच्या दशकात. तीन गिअरची सायकल, अंगात लोकरीचा स्वेटर, पुढे डायनॅमोचा दिवा. कॅरिअरला पावाची पुडी. ते कितव्या तासाला परतले हे घरात कुणालाच ठाऊक नाही. पण त्यांना ग्रेन्ना गावाच्या खाली उजाडलं, हे माझ्या मुलांनाही पाठ आहे.

बाहेरचे लोक हिला शर्यत म्हणतात. वेळेची नोंद होते, घाई करणारेही पुष्कळ असतात, पण पहिला-दुसरा असा क्रमांक कुणाला देत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सकाळपर्यंत घोळक्याघोळक्यानं माणसं सोडतात. भराच्या वर्षांत वीस हजारांच्या आसपास. अंतर आता ३१५ किलोमीटर झालंय. मोटाल्याहून दक्षिणेला, तळ्याच्या टोकाशी यॉनशॉपिंग, तिथून वळून पश्चिम काठानं उत्तरेला यू, कार्ल्सबोर्ग, हामारसुंडेटचा पूल आणि घर. आईला फोनवर नकाशा दाखवला तेव्हा तिनं बोटानं वाट गिरवली. 'तळं सगळा वेळ उजव्या हाताला? मग ही प्रदक्षिणाच की गं.' फारफारना मी तो शब्द समजावून सांगितला. मधे देव असतो आणि तो उजव्या हाताला ठेवायचा. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, 'आमच्या मधे एकशे अठ्ठावीस मीटर खोल थंड पाणी आहे. आम्ही तेच पितो.' ते खरंच आहे. काठावरच्या कितीतरी गावांचे नळ याच तळ्यावर चालतात.

तळ्यात विसिंगसो नावाचं लांबट बेट आहे. विस्त नावाच्या राक्षसाच्या बायकोला पलीकडे पाऊल टाकता येईना, म्हणून त्यानं मातीचं एक ढेकूळ पाण्यात फेकलं, तेच हे बेट. ही गोष्ट फारफार दर वर्षी सांगतात, आणि बायकोसाठी म्हणून फेकलं यावर दर वर्षी जोर देतात. ग्रेन्नाची गोष्ट मात्र मी सांगते. तिथल्या आमालिया एरिक्सनला नवरा गेल्यावर पदरात तान्ही मुलगी होती. १८५९ मध्ये तिनं पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांड्या करून विकण्याची परवानगी मिळवली. आज ते गाव त्या कांड्यांवरच ओळखलं जातं. आमच्याकडे खानावळी घालून मुलं शिकवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यामुळे ग्रेन्नातून जाताना ही बाई मला परकी वाटत नाही.

फारफार स्वतः बारा वेळा गेले. त्यांना उजाडलं ते बहुतेकदा यॉनशॉपिंगच्या पुढच्या चढावर, पोटात तिथले मांसाचे गोळे आणि कुस्करलेला बटाटा असताना. २०२० मध्ये कोरोनामुळे फेरी झाली नाही. त्या शुक्रवारी ते अंगणात खुर्ची टाकून रात्रभर बसून होते, रिकाम्या रस्त्याकडे बघत. मी घोंगडी नेऊन दिली. तेव्हा त्यांनी विचारलं, 'तू कधी जाणार?'

पुढे एका वर्षी मी गेले. चेन आणि ब्रेक फारफारनी तपासले, टायर दोनदा दाबून पाहिले. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि चारच्या सुमारास उगवतो. मधली रात्र काळी होतच नाही, निळी राहते. पुढच्या सायकलींचे तांबडे दिवे, साखळ्यांची कुरकुर, आणि बोलणं जवळजवळ नाही. एका थांब्यावर गरम ब्लूबेरीचं सार आणि खारवलेली काकडी खाल्ली. काकडीच्या त्या आंबट-खारट चवीनं पुण्यातली कैरीची बरणी डोळ्यांपुढे आली आणि मांड्यांत पुन्हा जीव आला. यॉनशॉपिंगनंतर तळं झाडांआड गेलं. गुडघा दुखायला लागला होता. सोडून द्यावं असं दोनदा मनात आलं.

दुपारी मोटाल्यात पोचले. फारफार दोरीपलीकडे उभे होते, तिथे तेवढेच म्हातारे. घरी आल्यावर त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि मी दोन घोट पिईपर्यंत ते थांबले.

'यूच्या अलीकडे,' मी म्हणाले. 'झाडी संपली आणि एकदम पाणी दिसलं. सूर्य पलीकडच्या काठावर होता, मोटाल्याच्या बाजूला.'

'म्हणजे आमच्यावरून,' ते म्हणाले, आणि स्वतःसाठी कॉफी ओतायला उठले.