हक्क, वतन आणि महजर

अरबी भाषेत ‘हक़’ या शब्दाचा पहिला अर्थ सत्य असा आहे. अल्लाहच्या नावांपैकी ‘अल-हक़’ हे एक नाव. त्याच भाषेत ‘ज्याचे त्याला देणे’ असाही त्याचा अर्थ होतो. हा शब्द दख्खनमध्ये आला, मराठीत रुळला, आणि मराठीने त्याचा दुसरा अर्थ तेवढा ठेवून घेतला. आज मराठी माणूस पाणीपट्टीच्या रांगेपासून मोर्चापर्यंत सगळीकडे ‘हक्क’ म्हणतो, पण त्यात सत्य आहे याची त्याला कल्पना नसते. ‘वतन’ या शब्दाचेही असेच झाले. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत वतन म्हणजे पिढीजात काम, त्या कामाचा मान आणि त्यासोबत येणारी जमीन. उर्दू शायराला ज्याच्यासाठी जीव द्यावासा वाटतो ते वतन, आणि मराठी पाटील ज्याच्यासाठी भावाशी भांडतो तेही वतन.

आम्ही मराठी मुसलमान या दोन्ही अर्थांच्या मध्ये उभे आहोत. आमचे वतन कोणते, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. त्याला उत्तर देताना आम्ही बहुधा देशभक्तीच्या भाषेत बोलतो. पण या प्रश्नाचे एक उत्तर मराठीतल्या ‘वतन’ या शब्दातच आहे. ते दफ्तरखान्यातल्या रुमालांत बांधलेले आहे. त्या कागदांना ‘महजर’ म्हणतात.

महजर हाही अरबी शब्द. हजर, हाजिर, हुजूर यांच्याच कुळातला. वतनाचा किंवा शेताच्या बांधाचा तंटा उभा राहिला की गावची गोतसभा बसे. परगण्याच्या पातळीवर देशमुख, देशपांडे, काझी, शेटे-महाजन आणि सरकारी अंमलदार यांची मजलस भरे. कागदाच्या आरंभी ‘हाजीर मजालसी’ म्हणून सभेला बसलेल्यांची नावे लिहीत. मग वादी आणि प्रतिवादी यांचे म्हणणे, साक्षीदारांचे बोलणे आणि शेवटी निवाडा. लिहिता न येणारे लोक आपापल्या धंद्याची निशाणी करत. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, चांभाराची रापी. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर 1953 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या पद्धतीचा तपशील सापडतो.

या व्यवस्थेत सत्य म्हणजे काय होते? बांध कुठे होता हे कोणी एकटा सांगू शकत नसे. ज्यांनी तो बांध ओलांडून गुरे नेली, ज्यांनी त्या शेतात खळे घातले, ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे नांगर धरला, ते सगळे एका जागी बसून जे सांगत ते सत्य मानले जाई. सत्याला जमीन लागत होती आणि जमिनीला साक्षीदार लागत होते. त्या साक्षीदारांत आम्ही होतो.

‘होतो’ हे अभिनिवेशाने म्हणत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापला. दोघांच्याही लिखाणात गावच्या कारू-नारूंमध्ये मुलाणा येतो. बकरे हलाल करणे हे त्याचे काम, आणि त्या कामापोटी त्याला गावाकडून धान्याचा वाटा मिळे. याशिवाय आतार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन, शिकलगार, मणेर. ही आडनावे म्हणजे धंद्यांची यादी आहे. धर्म बदलला तेव्हा यांतल्या कित्येकांचा ना धंदा बदलला, ना गाव, ना भाषा. सरकारी कागदावरही दोन्ही लिपी शेजारी नांदत होत्या. आदिलशाही आणि निजामशाही अंमलातले कित्येक कागद वर फारसी आणि खाली मोडी मराठी असे आहेत. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (1534 ते 1558) हिशेबाचे काम फारसीतून काढून देशी भाषेत आणल्याचे फेरिश्ता लिहितो. राज्य सुलतानाचे, पण रयतेची जमीन मराठीत लिहिली जात होती.

या संदर्भात मलिक अंबरचे नाव टाळता येत नाही. हबसाणातून गुलाम म्हणून विकत आणलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याच्या लढाया सगळ्यांना ठाऊक आहेत. 1624 ची भातवडीची लढाई शाळेच्या पुस्तकातही असते. त्याचे खरे काम मात्र जमिनीवर आहे. त्याने महसुलाची मक्तेदारी बंद केली, जमिनीची प्रत लावली, पीक पाहून धारा ठरवला. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे प्रथम पिकाचा दोन-पंचमांश हिस्सा घेतला जाई, पुढे त्याऐवजी रोख रक्कम ठरली आणि ती पिकाच्या सुमारे एक-तृतीयांश होती. कसणाऱ्याचा मिरासी हक्क त्याने मानला आणि गावची व्यवस्था पुन्हा उभी केली. म्हणून त्याच्या मरणानंतरही (1626) ‘मलिकंबरी धारा’ हा शब्द मराठी मुलखात टिकला. त्याने वसवलेल्या खडकीचे नाव पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे तख्ताबरोबर बदलतात. त्याने शहराला पाणी आणण्यासाठी जमिनीखालून नहर खोदला, त्याला मात्र लोक अजून नहर-ए-अंबरीच म्हणतात.

येथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्यावर ‘बाहेरून आलेले’ असा आरोप झाला की आम्ही चिडतो. पण घरात बसल्यावर आम्हीच सांगतो की आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, कोणी इराणातून आले, कोणी बादशहाच्या फौजेबरोबर आले. आम्ही शजरे काढतो, त्यांत सय्यद आणि शेख शोधतो. पिंजाऱ्याच्या पोराला आपला पणजोबा कापूस पिंजत होता हे सांगायची लाज वाटते. म्हणजे जो खोटेपणा दुसरे आमच्यावर लादतात, तोच आम्ही आवडीने अंगावर घेतो. जमातवादी इतिहासकाराला मुसलमान म्हटले की तख्त दिसते, आणि आम्हांलाही आरशात तख्तच दिसते. बलुत्याची पेंढी खांद्यावर घेऊन खळ्यावरून परतणारा मुलाणा दोघांनाही नको आहे. पण महजरावर नाव त्याचे आहे.

महजराची पद्धत आदर्श होती असे मात्र आम्ही म्हणत नाही. मिरासदाराच्या शब्दाला वजन होते, उपऱ्याच्या शब्दाला तेवढे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींचा माणूस निशाणी करत असला तरी तो सभेत बसत कुठे होता हे विसरता येणार नाही. साक्षीने तंटा मिटला नाही तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेला-तुपातून हाताने धातूचा तुकडा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी फोड आला की नाही ते पाहायचे. बनावट कागदही होते. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय महजर पुरा होत नसे.

इंग्रजांनी सत्याचा हा पायाच बदलला. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नवी पाहणी सुरू केली. जमिनीला नंबर मिळाला, नंबराला खातेदार मिळाला. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदाराला विचारले गेले, कागद दाखव. देवळे, मठ, दर्गे, मशिदी, काझी, जोशी सगळ्यांना हा प्रश्न होता. गावाला जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते ते आता पुरेसे नव्हते. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला त्याचा हक्क गेला. आजचा सातबारा या व्यवस्थेचाच वारस आहे. तो आता संगणकावर मिळतो. त्यात कोण कसतो हे लिहिलेले असते, पण त्या गावात कोण कोणाचा साक्षीदार होता हे नसते.

कागदाची ही सवय आम्ही घरातही लावून घेतली. कुरआनाने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे आणि आम्ही तो जगाला अभिमानाने सांगतो. पण 1937 च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमीन वगळलेली आहे, याची चर्चा आमच्या सभांत होत नाही. आणि प्रत्यक्षात काय होते? बाप वारला की बहिणीला तलाठ्याकडे नेतात आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. शेजारच्या पाटलाच्या घरातही हेच होते. या बाबतीत गावात पक्की एकी आहे! हक़ म्हणजे सत्य असेल, तर बहिणीकडून आम्ही काय सोडवून घेतो, याचा विचार करावा. साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध गेली तरी खरी द्या, असा सूरा निसामध्ये आदेश आहे. तलाठ्याच्या टेबलाशी तो कोणाला आठवत नाही.

मराठवाड्यात आणखी एक महजर अपुरा पडून आहे. सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. ती साक्ष नोंदली गेली आणि ती खरी आहे. तिच्याबद्दल ‘पण’ लावून बोलणे आम्हांला शोभत नाही. कारवाईनंतर मुसलमानांवर जे गुदरले त्याची चौकशी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचे तिने लिहिले, आणि मृतांचा आकडा अगदी कमी धरूनही 27 ते 40 हजार सांगितला. हा अहवाल कित्येक वर्षे सरकारने प्रसिद्ध केला नव्हता. त्याच अहवालात मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. म्हणजे साक्षीदार दोन्हीकडे होते. मजलस भरली नाही एवढेच.

आम्हांला नवा इतिहास रचायचा नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की मजलस पुरी भरावी. तीत आम्ही वादी म्हणून बसू, काही बाबतीत प्रतिवादी म्हणूनही बसू. रझाकारांचा विषय निघाला की मान वळवणार नाही, आणि सुंदरलाल अहवालाचा विषय निघाला की इतरांनी मान वळवू नये. मुलाणी, पिंजारी, आतार यांच्या घरातले जुने कागद, बलुत्याच्या नोंदी, इनामाच्या सनदा वाळवीच्या आधी आम्ही बाहेर काढल्या पाहिजेत. मोडी वाचणारी मुले आमच्यात तयार झाली पाहिजेत. आमच्या घरात आज मोडी कोणाला येत नाही, फारसीही येत नाही. आमच्याच आजोबांची साक्ष आम्हांला वाचता येत नाही.

आणि हे कागद काढताना एखाद्या पेटीत बहिणीचे हक्कसोडपत्र सापडले, तर तेही मजलसीपुढे ठेवावे लागेल.