प्रवाळ

प्रवाळ हे समुद्रात राहणारे, निडारिया (जुने नाव : आंतरदेहगुही) संघातील अपृष्ठवंशीय प्राणी आहेत. जेलीफिश, समुद्रपुष्प व जलव्याल हे याच संघातील. स्पंज मात्र रंध्री संघात मोडतात. त्यांना मुख, खऱ्या ऊती किंवा दंशपेशी नसतात. तेही तळाला चिकटून राहतात, एवढ्या साम्यावरून दोहोंची गल्लत केली जाते.

नाव व पूर्वसमजुती

संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे कोवळा अंकुर आणि पोवळे असे दोन्ही अर्थ आहेत. प्रवाळ ही वनस्पती असल्याचा समज युरोपातही दृढ होता. इ.स. १७०६ मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकाने तांबड्या प्रवाळाच्या फांद्यांवर उमलणारी ‘फुले’ पाहिली व तो वनस्पतीच असल्याचा निष्कर्ष काढला. मार्सेयचे वैद्य पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात ही फुले म्हणजे प्राणी असल्याचे प्रतिपादन केले, पण पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही. ट्रेम्ब्ले यांचे जलव्यालावरील प्रयोग १७४० च्या दशकात पुढे आल्यानंतरच त्यांचे म्हणणे स्वीकारले गेले. पेसोनेल यांचे निरीक्षण अचूक होते, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

शरीररचना

प्रवाळाच्या एका जीवास पॉलिप म्हणतात. बहुतेक जातींत तो काही मिलिमीटर आकाराचा असतो. शरीर पिशवीसारखे, अरीय सममित व द्विस्तरीय असून दोन स्तरांमध्ये श्लेषासारखा पदार्थ असतो. अन्न आत घेण्यास व मल बाहेर टाकण्यास एकच द्वार असते. त्याभोवतीच्या शुंडकांवरील दंशपेशींमधून विषारी सूक्ष्म तंतू सुटतात आणि भक्ष्य बधिर होते. मेंदू नसतो, केवळ चेतापेशींचे जाळे असते. जेलीफिशच्या जीवनचक्रात आढळणारी, पोहणारी छत्रिक अवस्था प्रवाळांत नसते.

पाषाणप्रवाळाचा पॉलिप आपल्या तळाशी कॅल्शिअम कार्बोनेटचा पेला रचतो. मुकुलनाने शेजारी नवे पॉलिप निर्माण होतात आणि हजारो जीवांची वसाहत बनते. दगड वाटतो तो हा सांगाडा; सजीव भाग त्यावरील पातळ आवरणापुरताच. रत्न म्हणून वापरले जाणारे पोवळे हा भूमध्य समुद्रातील तांबड्या प्रवाळाचा सांगाडा होय. त्याच्या पॉलिपला आठ शुंडके असतात आणि तो प्रवाळभित्ती बांधत नाही.

शैवालाशी सहजीवन

उथळ, उष्ण समुद्रांत भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात. प्रकाशसंश्लेषणातून त्यांनी तयार केलेल्या अन्नावर प्रवाळाची बहुतांश ऊर्जेची गरज भागते; प्रवाळ त्यांना निवारा, कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनयुक्त द्रव्ये पुरवतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही मुख्यतः त्यांचाच. म्हणूनच असे प्रवाळ स्वच्छ व प्रकाशमान पाण्यात वाढतात.

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा १ ते २ अंश सेल्सिअसने वाढून काही आठवडे टिकले, तर हा संबंध तुटतो. शैवाले बाहेर टाकली जातात आणि पारदर्शक देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यास विरंजन म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते असे नाही. पाणी वेळीच थंड झाल्यास शैवाले परत येऊ शकतात. अन्यथा ते उपासमारीने मरते. १९९८ च्या विरंजनात लक्षद्वीपच्या उथळ भित्तींची मोठी हानी झाली. २०१० व २०१६ मध्येही तेथे विरंजन झाले. गोलाकार पोरायटीस प्रवाळ वर्षाला सुमारे १ सेंटिमीटरच वाढते, हे ध्यानात घेतल्यास हानीचे स्वरूप कळते.

प्रजनन

अनेक जाती अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वसंत ऋतूत, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, असंख्य वसाहती एकाच वेळी असे करतात. फलनानंतरची प्लॅन्युला अळी काही काळ पोहते व कठीण पृष्ठभागावर स्थिरावते.

भारतातील प्रवाळ

अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी व कच्छचे आखात ही प्रमुख क्षेत्रे आहेत. लक्षद्वीपची बहुतेक बेटे कंकणद्वीपे आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आढळतात; तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आंग्रिया बँक हे प्रवाळांनी समृद्ध असे बुडालेले पठार आहे. त्याचे नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले. पाषाणप्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.