मंत्रचळ : गटात बसून उपचार कसे होतात?

हरमल : कडी लागली का हे दहादा पाहणे, कातडी सोलवटेपर्यंत हात धुणे, नको तो विचार आला की ठरावीक आकडे मोजणे. घरात याला ‘फारच सोवळं’ म्हणतात. पण हा आजार आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तो हजारी सुमारे आठ प्रौढांत आढळला.

उपचाराचा गाभा
भीतीला सामोरे जायचे, पण नेहमीची कृती करायची नाही. १९६६ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी ही पद्धत मांडली. उदाहरणार्थ, मासळी बाजारात मिळालेली नोट खिशात ठेवायची आणि ठरलेला वेळ हात धुवायचे नाहीत. घालमेल वाढते, पण हात न धुताही हळूहळू उतरते.

गटात काय होते?
साधारण सहा ते दहा जण आणि प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा भेटतात. असे दहा-बारा आठवडे चालते. प्रत्येक जण आपल्या भीतींची सोप्याकडून कठीणाकडे यादी करतो आणि सराव घरी नेतो. ‘हे फक्त मलाच होतं’ ही लाज इथे गळून पडते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. ‘कडी लागली ना?’ या प्रश्नाला ‘हो, लागली’ असा दिलासा कुणी द्यायचा नाही. घरच्यांनीही नाही. दिलाशाने आजार पोसला जातो.

आत्महत्येचे विचार किंवा तीव्र नैराश्य असेल, तर आधी डॉक्टरांना एकट्याने भेटा. औषधांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, ती मनाने बंद करू नका.

फलक पाहून जाऊ नका
हरमल किनाऱ्यावर ध्यान, ‘हीलिंग’ शिबिरांचे फलक दिसतात. मन शांत वाटेल, पण तो मंत्रचळावरचा उपचार नव्हे. गट कोण चालवतो, त्याचे शिक्षण काय, सामोरे जाण्याचा सराव करून घेतात का, हे विचारा.

कुठे जावे?
गोव्यात बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, बेळगावकरांना धारवाडची डिम्हान्स. गट सुरू आहे का, हे आधी विचारून घ्या. टेली-मानस १४४१६ ही हेल्पलाइन मोफत, चोवीस तास आहे. ‘गावात कळेल’ म्हणून थांबू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे.