भट्टीवरची नानकटाई

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे नानकटाईची कृती मागितली. कृती चार ओळींची असते आणि ती बहुतेकींच्या वहीत आहेच. त्याऐवजी भट्टीत भाजलेला खाऊ आपल्या नाशिकच्या घरांत कसा आला, त्याची हकीकत लिहून देते, असे मी त्यांना सांगितले. ‘लिहा, पण फार लांबवू नका,’ अशी त्यांची ताकीद आहे.

शिजवणे, तळणे, वाफवणे, तव्यावर भाजणे हे सारे आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार होते. बंद भट्टीत चहूबाजूंनी भाजणे मात्र समुद्रकिनाऱ्याकडून आले. ‘पाव’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा. गोव्यात माडाची सूर घालून पावाचे पीठ फुगवीत. नानकटाईचे माहेर सुरत. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. सुरतेला डचांची वखार होती. ते लोक निघून गेले तेव्हा त्यांची भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, आणि पुढे तिथल्या गिऱ्हाइकांच्या जिभेला रुचेल असा हा तुपाचा खाऊ तयार झाला, असे सुरतेत सांगतात.

किनाऱ्यावरून घाट चढून वर यायला मात्र या खाऊला फार वेळ लागला, आणि त्याचे कारण घाटाची चढण नव्हे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. या प्रकरणाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनीच मागाहून हजर असलेल्यांची नावे छापून आणली! झाले, ग्रामण्य उभे राहिले, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि मोठमोठ्या माणसांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली. एका बिस्किटाने एवढे रामायण घडल्यावर क्षेत्राच्या गावी आमच्यासारख्या घरांतून बेकरीचा जिन्नस उंबऱ्याबाहेरच राहिला, यात नवल नाही.

आणि गंमत अशी, की नाशिकपासून हाकेच्या अंतरावर देवळालीला इंग्रजांची मोठी छावणी होती. मुंबई बंदरातून मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनोन्‌महिने पडून असत. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले, तो शब्द आपल्या देवळालीचाच. छावणी म्हटली की पाव आला आणि पाव म्हटला की भट्टी आली. म्हणजे देवळालीत रोज पाव भाजले जात होते आणि पंचवटीत पावाचे नाव काढले तर वडीलधारी माणसे भुवया चढवीत होती.

नानकटाईने यातून वाट काढली, कारण तिच्यात अंडे नाही, सूर नाही, पाण्याचा थेंब नाही. माझ्या आजीचा न्याय असा होता, की तूप आपले, साखर आपली, मळणारे हात आपले. बेकरीवाल्याची फक्त उष्णता! दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जुन्या नाशकातल्या बायका परातीवर फडके झाकून भट्टीकडे निघत. आदल्या रात्री घरोघर तूप फेसण्याचा कार्यक्रम असे. परातीत तूप घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत राहायचे, ते पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. मग त्याचा ठिपका पाण्याच्या वाटीत टाकून पाहायचा. तरंगला तर झाले, बुडाला तर आणखी फेसा. मग पिठीसाखर, मैदा, चिमूटभर सोडा, वेलदोडा. पाण्याचा हात लागला की मैदा चिवट होतो आणि कटाईची खुसखुशी जाते, म्हणून परातीजवळ ओल्या हाताने फिरकायची आम्हां मुलींना बंदी असे. फेसण्याचे काम मात्र आमच्याकडेच, कारण थोरल्यांचे खांदे दुखत.

भट्टीवर गेले, की आधी पाव निघेपर्यंत थांबावे लागे. याला कारण आहे. भट्टीच्या पोटात लाकडे जाळून ती तापवीत, निखारे बाहेर ओढीत आणि तापलेल्या विटांवर पहिल्या कडक आचेत पाव भाजीत. आच उतरली की नानकटाईची पाळी. चढ्या आचेत ती पसरून करपते. तेवढ्या वेळात गावातल्या साऱ्या बातम्या तेथे भाजून निघत. आपले पत्रे ओळखू यावेत म्हणून कोणी कटाईवर चारोळी लावी, कोणी अंगठ्याने खळगा करी, कोणी वाटीच्या काठाने चंद्रकोर उठवी. तरी अदलाबदल व्हायचीच, आणि ती नेमकी तुपातली आणि डालड्यातली अशी! डालडा १९३७ मध्ये बाजारात आला, आणि महागाईच्या दिवसांत घरोघर दोन डबे होऊ लागले, घरच्यांसाठी डालड्यातली, पाहुण्यांसाठी तुपातली. त्यातच १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आले. आईची वही शेरात, दुकानदार किलोत, आणि मधल्या मध्ये एक वर्ष आमची कटाई दगड झाली.

मी हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेजात १९६० साली गेले. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हे कॉलेज १९२४ चे. आमच्या वेळी वसंत कानेटकर तेथे इंग्रजी शिकवीत, आणि १९६२ मध्ये त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले तेव्हा जणू आम्हीच ते लिहिले अशा तोऱ्यात आम्ही मिरवलो. आम्ही चौघी. एक पंचवटीची, एक सिन्नरची, एक देवळालीची आणि मी. देवळालीची ख्रिस्ती होती, घरी मराठीच बोलत. तिच्या आईकडे लोखंडी पत्र्याची पेटी होती, खाली शेगडी आणि वर झाकणावर निखारे. पुस्तकाबाहेरची भट्टीविद्या मी प्रथम तिच्या तोंडून ऐकली. सोडा एकटा काम करीत नाही, त्याला आंबटाची जोड लागते, हे कोणी प्रोफेसरांनी नव्हे, तिने मला सांगितले.

१९६१ चा नाताळ. गोवा नुकताच मुक्त झाला होता आणि सगळीकडे आनंद होता. ती देवळाली कँपहून बसने आमच्या वाड्यात आली, हातात फुलांचे चित्र असलेला विलायती बिस्किटांचा जुना डबा. आत आईने केलेला केक. आजीने विचारले, ‘पोरी, यात अंडे असते का गं?’ खोटे बोलणे तिला जमत नसे. ‘हो आजी, सहा आहेत,’ ती म्हणाली. आजी रागावली नाही. ‘बरं हं,’ म्हणून तिने डबा ओटीवरच ठेवून घेतला आणि तिला चहा दिला, कान तुटलेल्या कपात. तो कप कोणासाठी वेगळा ठेवलेला असतो हे मला ठाऊक होते. मी समोर बसून माझ्या चांगल्या कपातून चहा प्याले.

ती निघाली, आणि कोपऱ्यावरून विसरलेली वही न्यायला परत आली. तोवर डबा गोठ्याच्या कोनाड्यात गेला होता, गड्याला द्यायला. तिने तो पाहिला. वही घेतली, ‘येते गं,’ म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती माझ्याशी भांडली असती तर बरे झाले असते. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी जवानांसाठी मोजे विणायला आम्ही एकाच बाकावर बसत होतो. पण ती आमच्या घरी पुन्हा आली नाही, आणि मधल्या सुट्टीत तिचा डबा माझ्यापुढे कधी उघडला नाही. १९६४ ला बी. ए. झालो आणि चौघी चार दिशांना गेलो.

पुढे काळ बदलला. काचेचे झाकण असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन घरात आला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्या कुकरची शिट्टी काढून, तळाला वाळू घालून केक करू लागल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि शेर-किलोचा घोळ मिटून वाटी-चमच्याचे राज्य आले. आपल्या बायकांनी बिनअंड्याचा केकही सिद्ध केला, दही-सोड्याचा नाहीतर आटवलेल्या डब्याच्या दुधाचा. त्याचे कौतुक होते, मीही वर्गात तो शिकवला आहे. पण खरे सांगायचे तर तो केक फुगवताना दर वेळी मला कान तुटलेला कप दिसे.

गेल्या वर्षी सिन्नरच्या मैत्रिणीने तिचा फोन नंबर मिळवून दिला. ती आली, मुलीच्या हाताला धरून, गंगापूर रोडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर. वाडा केव्हाच पडला. मी सहा अंडी फोडून केक केला होता. तिने तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाली, ‘मध्ये जरा कच्चा राहिलाय. पाच मिनिटं आणखी ठेवायचास.’ मग मी साठ वर्षांचे ते सगळे बोलून टाकले. आजीचे नव्हे, माझे.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘केकचं काही नाही गं. पण तो डबा माझ्या आजीचा होता. आई विचारायची, तुझ्या मैत्रिणीकडून डबा आला का म्हणून. मी दर वेळी सांगायचे, देईल.’

आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करीत नाहीत. मी तर डबाच परत केला नव्हता. आत जाऊन स्टीलचा एक मोठा डबा काढला आणि आदल्या दिवशी केलेल्या नानकटाईने गच्च भरून तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडून वास घेतला.

‘तुपातली का डालड्यातली?’

‘तुपातली,’ मी म्हटले.