ओटीवरचा कारखाना : सावंतवाडीची लाकडी डबी

एखाद्या कसबाचा पूर्ववृत्तांत लिहू पाहणारा मनुष्य प्रथम दरबाराच्या दप्तराकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण राजाश्रयाच्या सनदा, बिदाग्या आणि फर्मायशी कागदावर उतरतात, परंतु ज्या घरात करवत चालली, खळ शिजली आणि रंग खलला गेला, त्या घराची नोंद कोणीच ठेवीत नाही. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी डब्यांचा इतिहास मात्र या घराला वगळून सांगताच येत नाही, असे माझे मत आहे. आंबोलीचा घाट उतरल्यावर, गोव्याच्या सीमेपासून जवळच वसलेल्या या नगरीत चिताऱ्यांची आळी आजही चितारआळी म्हणूनच ओळखली जाते, आणि तिच्यातील ओटी हीच या कलेची खरी पाठशाळा होय.

सावंत-भोसल्यांच्या या संस्थानात तिसरे खेमसावंत यांची कारकीर्द 1755 पासून 1803 पर्यंत चालली. त्यांच्या काळी तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांबरोबर गंजिफांचा खेळ येथे आला आणि तो पाहून येथील चिताऱ्यांनी गंजिफा घडविण्याचे कसब आत्मसात केले, असे परंपरा सांगते. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दशीपर्यंतची पाने, अशी एकूण 120 वर्तुळाकार पाने असतात. इतकी पाने सुटी ठेवणे शक्य नसल्यामुळे त्यांच्याबरोबरच सरकत्या झाकणाची लाकडी डबी जन्मास आली. आणि पानांवर जे देव विराजमान झाले तेच तिच्या अंगावरही उतरले, तेव्हा ती केवळ वेष्टन न राहता स्वतंत्र कलावस्तू झाली.

ही डबी वरकरणी साधी दिसते. तिची घडण मात्र मोठी नेमकी आहे. पानांचा व्यास आणि एकावर एक रचलेल्या पानांची उंची ही दोन मापे हाती आल्याशिवाय फळीला करवत लावता येत नाही. फळ्या सुकलेल्या, पातळ आणि एकसारख्या जाडीच्या रंधून घ्याव्या लागतात. बाजूंच्या फळ्यांना आतून खोबण पाडून तीत झाकण सरकते ठेवावे लागते. कोकणातील पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून घेते आणि फुगते, तेही तंतूंच्या आडव्या दिशेस अधिक. म्हणून उन्हाळ्यात घट्ट बसविलेले झाकण श्रावणात अडकून बसते. जाणता कारागीर खोबणीत रंगाच्या थरांपुरती आणि पावसाच्या ओलीपुरती जागा आधीच राखून ठेवतो. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते बापाने मुलाच्या हाती पटाशी देऊन दिले.

त्यानंतरचे काम रंगाचे. खडू आणि चिंचोक्यांची खळ यांचा लेप देऊन, तो वाळवून, घासून, पुन्हा देऊन लाकडाचे रंध्र बुजवावयाचे, त्यावर रंगाची बैठक घ्यावयाची, मग बारीक कुंचल्याने वेलबुट्टी आणि मूर्ती रेखाटावयाच्या आणि शेवटी लाखेच्या रोगणाने सर्व झाकून चकाकी आणावयाची, असा हा क्रम. गोल करंडे आणि डब्या यांची रीत निराळी: लाकूड कातताना ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि केवड्याचे पान फिरविले की तिला झळाळी चढते.

या सर्व खटाटोपासाठी निराळी इमारत कधी लागली नाही. रस्त्याकडील ओटीवर उजेड असे, म्हणून कुंचल्याचे काम तेथे. लाकडाची धूळ रंगात पडू नये म्हणून कापणे-रंधणे मागील पडवीत. चुलीवर घरच्या जेवणानंतर खळ शिजे. लेप देणे, घासणे, वाळवणे यांत घरातील लहानथोरांचा हात लागे. मऊ, हलका आणि हत्याराला वश असणारा पांगारा हे या कामाचे जुने लाकूड. अल्प भांडवल, घरचेच मनुष्यबळ आणि नित्य दृष्टीपुढे असणारे काम, या तीन गोष्टींमुळेच दरबाराचा हात आखडता झाल्यावरही ही आळी एकदम उजाड झाली नाही.

तरीही पडता काळ आलाच. 1838 साली संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते बाजारात आले, गंजिफा खेळणारी पिढी सरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास गंजिफा रंगविणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा वेळी शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कार्यशाळा उघडली आणि तरुण कलावंतांना तयार केले. संस्थान विलीन झाल्यानंतर, राज्य नसताना, राजघराण्याने केलेले हे कार्य पूर्वीच्या कोणत्याही बिदागीहून मोठे मानावे लागेल. कारण येथे आश्रयदाता स्वतःच शिष्य होऊन कारागिरापुढे बसला.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आश्रय कलेला वैभव देतो, परंतु तिचे आयुष्य घरातल्या नित्याच्या अभ्यासाने वाढते. म्हणून ज्यांच्या घरी एखादी उजेडाची खोली, एक भक्कम बाक आणि करवत, रंधा, पटाशी एवढी हत्यारे आहेत, त्यांनी साधन अपुरे असल्याची सबब सांगू नये; एकच माप धरून, एकाच जातीच्या सुकलेल्या लाकडाची डबी, झाकण सुरळीत सरकेपर्यंत पुन्हा पुन्हा करावी. आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांनी सावंतवाडीस गेल्यावर चितारआळीत अवश्य जावे, डबी हाती घेऊन तिची खोबण आणि सांधे पाहावेत, आणि कारागिराने सांगितलेला दाम घासाघीस न करता द्यावा.